टॅलीला ई-इनव्हॉइस जोडायच्या आधी मोबाईल नंबर कुणाचा लावलाय ते बघा

टॅलीला, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरला, ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) आणि ई-वे बिल (माल पाठवताना लागणारा ऑनलाइन कागद) जोडून घ्या, काम एकदम हलकं होतं, असं सगळे सांगतात आणि ते खरंच आहे, पण तुमच्या जीएसटी नंबरला मोबाईल कुणाचा लावलाय ते आधी बघा हे मला एकानेही सांगितलं नाही. आमच्याकडे होता टॅक्स कन्सल्टंटचा. २०१७ ला व्हॅटवरून जीएसटीत गेलो तेव्हा त्यांनीच स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल टाकून सगळं करून दिलं, तेव्हा किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू.

आमचं पीव्हीसी पाईप-फिटिंगचं होलसेल. मालक कागदोपत्री सासरे, बिलिंग मी बघते. ५ कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस लागू झालं त्यात आम्ही आलो. आधीच एक बिल दोनदा व्हायचं, एकदा टॅलीत आणि एकदा ई-वे बिलाच्या पोर्टलवर, आता त्यात तिसरं काम, टॅलीतून जेसॉन फाईल (पोर्टलला लागते त्या प्रकारची) काढा, पोर्टलवर चढवा, क्यूआर आला की उतरवून प्रिंट करा. संध्याकाळी टेम्पोवाला काउंटरला टेकून उभा, "वहिनी, झालं का, पुढं घाट आहे मला", आणि इकडे पोर्टल नुसतं फिरतंय. पार्टीचा पंधरा अक्षरी जीएसटी नंबर हाताने टाकताना शून्य आणि ओ ची गडबड झाली की परत पहिल्यापासून.

म्हणून जोडून घ्यायचं ठरवलं. टॅलीवाला मुलगा आला, सेटिंग केलं, चहा प्यायला, म्हणाला आता फक्त पोर्टलवर जाऊन एपीआय युजर (टॅलीने पोर्टलला जोडायचं लॉगिन) तयार करा, जीएसपीच्या, म्हणजे ही जोडणी देणाऱ्या कंपन्यांच्या, यादीत टॅलीचं नाव निवडा, ओटीपी टाका, झालं. फक्त!

ओटीपी गेला कन्सल्टंटच्या मोबाईलवर. आणि नेमकं त्याच सुमारास आम्ही कन्सल्टंट बदलायचं बोललो होतो. फोन केला तर "मीटिंगमध्ये आहे", मग "मागचा हिशोब मिटवा मग बघू", मग उचलायचंच बंद. जीएसटीच्या मुख्य पोर्टलचा पासवर्डही त्यांच्याकडेच, पासवर्ड विसरलो म्हणून नवीन मागवावा तरी ओटीपी परत त्यांनाच. म्हणजे धंदा आमचा, पॅन आमचं, कर आम्ही भरणार आणि चावी दुसऱ्याच्या खिशात. तिकडे ११ तारखेचं जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) डोक्यावर बसलेलं.

नवीन सीएंनी सांगितलं की याला रस्ता आहे. आपल्या हद्दीच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जायचं, लेटरहेडवर अर्ज, मालकाचं पॅन, आधार, जागेचा पुरावा असं सगळं द्यायचं, ते खात्री करून त्यांच्या सिस्टीममधून नवीन मोबाईल आणि ईमेल टाकतात आणि त्या ईमेलवर युजरनेम आणि तात्पुरता पासवर्ड येतो. ऐकायला सोपं. गावाचं नाव सांगत नाही, ऑफिस लगेच ओळखू येईल. पहिल्यांदा गेले तर साहेब व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ मीटिंगमध्ये. नंतर साहेब तपासणीला बाहेर. मग भेटले तर म्हणे मालक स्वतः पाहिजेत. म्हटलं मालकांचे गुडघे गेलेत आणि ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. "मग अधिकारपत्र आणा." ते आणलं तर म्हणे यावर सही इंग्रजीत आहे आणि पॅनवर मराठीत. शेवटी मामाच (सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो) म्हणाले, चल, मीच येतो, आणि कठडा धरून एकेक पायरी चढले. साहेबांनी त्यांच्याकडे पाच सेकंदसुद्धा बघितलं नसेल.

अर्ज घेतला, आता मेल येईल म्हणाले. मेल काही आला नाही. इनबॉक्स बघतेय, स्पॅम बघतेय, दुकानात गिऱ्हाईक उभं आणि मी मोबाईल खाली ओढून ओढून रिफ्रेश करतेय. परत गेले तर कळलं ईमेल टाकताना एक अक्षर खाल्लं होतं, आमचा पासवर्ड कुठल्या तरी भलत्याच पत्त्यावर गेला होता! वर मलाच विचारतात, तुम्ही नीट लिहून दिलं होतं का. अर्जाच्या पोचपावतीची कॉपी होती म्हणून समोर धरली. टेबलावरच्या मॅडम मात्र चांगल्या, त्यांनी मला खुर्ची त्यांच्या बाजूला ओढायला सांगितली, ईमेल मोठ्याने वाचत टाकला, आणि मी तिथून उठायच्या आधी मेल आला. तेव्हा जे काय वाटलं! तर पोचपावती घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, आणि ईमेल त्यांच्या स्क्रीनवर वाचून बघायला लाजू नका.

अजून एक, मुख्य पोर्टलवर नंबर बदलला तरी ई-वे बिलाच्या पोर्टलवर जुनाच दिसत राहतो. तिथे अपडेटमध्ये "माय जीएसटीआयएन फ्रॉम सीपी" असं काहीतरी आहे ते दाबावं लागतं. आणि १ एप्रिल २०२५ पासून तर ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइसच्या पोर्टलांवर लॉगिनलाच सगळ्यांना ओटीपी आहे, त्यामुळे नंबर दुसऱ्याचा असेल तर आजच बदलून घ्या, भांडण होण्याआधी.

बाकी जोडणी तासाभरात झाली. आता टॅलीत बिल सेव्ह केलं की आयआरएन (पोर्टलने बिलाला दिलेला नंबर), क्यूआर आणि ई-वे बिल एकाच दमात येतं आणि तेच आकडे जीएसटीआर-१ मध्ये आपोआप जाऊन बसतात, त्यामुळे महिनाअखेरची जुळवाजुळव निम्म्याच्या खाली आली. टेम्पोवाल्याला आता तंबाखू मळायलाही वेळ मिळत नाही. सुरुवातीला बिलं धडाधड रिजेक्ट झाली ती पार्टीच्या मास्टरमुळे, म्हणजे टॅलीत साठवलेल्या त्यांच्या माहितीमुळे, पिन विजापूरचा आणि जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा, असे किती तरी निघाले. आमच्यासारख्यांना एचएसएनही (मालाचा कोड) सहा अंकी लागतो, आमच्याकडे बऱ्याच आयटमला नुसतं ३९१७ होतं. जोडायच्या आधीच मास्टर साफ करा, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा.

आणि हो, टॅलीत बिल डिलीट केलं म्हणून पोर्टलवरचं जात नाही. २४ तासांच्या आत आयआरएन रद्द करायचा, नंतर क्रेडिट नोटच काढावी लागते.