गोधडी नंबर दोन: माप ठरलं, कापड आलं आणि पाव इंचात माती खाल्ली

पहिली गोधडी अंदाजपंचे केली होती, ती निघाली आखूड, डिसेंबरात नवऱ्याचे पाय बाहेर आणि वर मलाच टोमणे. म्हणून या वेळी आधी वही काढली. आई म्हणाली, "अगं गोधडीला कसलं आलंय माप, जुनेर असेल तेवढी गोधडी." तिचं बरोबरच आहे, पण मला यंदा चौकोनी तुकड्यांची हवीय.

तर गादी ७२ बाय ७५ इंच. दोन्ही बाजूंना ९-९ इंच खाली लोंबायला हवं म्हणून रुंदी ९०, लांबीत पायाशी ९ आणि उशीकडे ६ धरले, तीपण ९०च. मधे ९ इंची तुकडे, ८ गुणिले ८ म्हणजे ६४, आठांची एक ओळ ७२ इंच, भोवती ९ इंची बॉर्डर. गणित इतकं सुंदर जुळलं की मी स्वतःलाच चहा पाजला.

कापड मेन रोडवरून आणलं, मरून आणि फिक्क्या बुट्ट्यांचं, पन्हा (कापडाची रुंदी) ४४ सांगितला पण धुऊन काठ काढल्यावर हातात ४२च राहिला. पन्ह्यात आडव्या कापलेल्या एका पट्टीत चारच तुकडे बसतात. प्रत्येक रंगाचे ३२ म्हणजे ८ पट्ट्या, शिलाई धरून तुकडा साडेनऊचा कापायचा, म्हणजे ७६ इंच, म्हणून सव्वादोन-सव्वादोन मीटर घेतलं. मरून आधी वेगळं धुवा हं, माझी बादली बिटाच्या कोशिंबिरीसारखी झाली होती.

आणि मग काय, वहीत साडेनऊ लिहिलेलं असताना मी टेप लावून मस्त गाणी ऐकत सगळे ६४ तुकडे ९चे कापले. दोन्हीकडची पाव-पाव इंच शिलाई गेली की राहतात साडेआठ, आठ ओळींचे ६८. पूर्ण ४ इंच गायब! रडून झाल्यावर बॉर्डर ९ची ११ केली, म्हणजे साडेअकराच्या पट्ट्या, त्या आता आईच्या जुन्या सुती साडीतून काढतेय, साडेपाच मीटरची आहे त्यामुळे लांबीत जोड नाही द्यावा लागणार.

खाली अस्तराला आजीची नऊवारी. नऊ वार म्हणजे ३२४ इंच, पण पन्हा ४५, त्यामुळे ९६ इंचाचे दोन तुकडे शेजारी जोडले तरी साडेएकोणनव्वदच, मला थोडं जास्तीचं धरून ९४ हवेत. उरलेल्या १३२ इंचातून ६ इंची पट्टी मधे घालणार. गोट (कडेने शिवायची पट्टी) अडीच इंची, नऊ पट्ट्या, त्याला ६० सेंमी पुरेल.

काल हॉलमधे फरशीवर सगळे मांडले, पंखा बंद करून घामाघूम, गडद-फिक्कं नीट कळावं म्हणून फोनवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला तर फिक्क्यातले तीन तुकडे मरूनइतकेच काळे दिसतायत, बुट्टी दाट आलीय तिथे. ते कोपऱ्यांत ढकलले. आता ओळींना नंबरच्या चिठ्ठ्या टाचणीने लावून ठेवल्यात, उद्या पहिली ओळ मशीनवर.