डाललेलं झाड

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो. ऊन दक्षिणेच्या खिडकीतून पलंगाच्या पायापर्यंत आलं होतं. मे महिन्यात हेच ऊन घराच्या डोक्यावर नाचतं, पण या खिडकीत पाऊल टाकत नाही. थंडीत मात्र तिरकं होऊन पाहुण्यासारखं आत येतं. आमच्या कोल्हापुरात अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीचं ऊन मूर्तीपर्यंत येतं तो सोहळा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि मग ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. आमच्या खिडकीचा मधले अडीच महिने रोज, आणि तोही बिनगर्दीचा. त्या उन्हात माझ्या चार कुंड्या ओळीनं बसलेल्या. डोळा लागणार एवढ्यात आई म्हणाली,

"कोंबडी डालायची न्हाई व्हय आज? पाच वाजत आलं."

कोंबडी म्हणजे पॉइनसेटिया.

गेल्या नाताळात लेकीनं पुण्याहून आणून दिलं. लालभडक, भरल्या मळवटासारखं. दारात कुंडी ठेवल्या ठेवल्या आईनं चष्मा वर करून बघितलं. "पाला लाल झालाय नुसता. फूल कुठाय?" आम्ही सगळे हसलो. लेकीनं लगेच मोबाइल काढला, वाचलं आणि गप्प बसली. लाल असतात ती पानंच. फुलं म्हणजे मधले ते पिवळे मणी, औषधाच्या गोळीएवढे. मेक्सिकोतलं झाड हे. जोएल पॉइनसेट नावाचा अमेरिकेचा राजदूत १८२५ ते १८२९ या काळात तिकडं होता, त्यानं ते आपल्या देशात नेलं आणि नाव त्याचं लागलं. कूळ मात्र आपल्या शेराचं. पान तुटलं की तसाच पांढरा चीक.

उन्हाळ्यात सगळा लाल पाला गळाला आणि हिरवा आला. पाऊसभर हिरवंच. म्हटलं खत कमी पडलं असेल, ते घातलं. आणखी हिरवं झालं. मग कळलं, याला हवा अंधार. ऑक्टोबरपासून आठ-दहा आठवडे, रोज रात्री सलग चौदा तास. मध्ये दिवा लागला तर मोडलं. झाडाला दिवसाचं काही पडलेलं नसतं, ते रात्र मोजतं.

आता आमच्या घरात चौदा तास अंधार कुठून आणायचा? हॉलमध्ये साडेसातपासून मालिका, बाथरूमचा दिवा तर कुणी ना कुणी चालूच ठेवतं. (भारनियमनाच्या दिवसांत हे झाड घरात असतं तर बारमाही लाल राहिलं असतं. तेव्हा आम्ही उगाच बोटं मोडत बसलो.) शेवटी आईनंच माळ्यावरचं डालगं काढायला लावलं. गावाकडं कोंबड्या होत्या तेव्हाचं. त्याच्या भोकांतून उजेड जातो म्हणून वर जुन्या छत्रीचं काळं कापड. संध्याकाळी पाचला डालायचं, सकाळी सातला उघडायचं. शेजारच्या काकू पहिल्या दिवशी विचारून गेल्या, अंडी देते का म्हणून.

बाकीच्या तीन कुंड्यांचा असा जाच नाही. ऑर्किडला रात्रीचा गारवा पुरतो. आपल्याकडं डिसेंबरात पारा पंधराच्या आसपास उतरला की पानाच्या बेचक्यातून दांडा डोकावतो. आफ्रिकन व्हायोलेटला पाणी ताटलीतून, खालून. लवेच्या पानांवर थेंब पडला की डाग. नाताळ कॅक्टस खरा निवडुंग, पण ब्राझीलच्या जंगलात झाडांवर राहतो. ती तिघं शहाणी आहेत. घरात लक्ष जातं ते वांड पोराकडंच.

आणि अंधाराचं हे गणित मला नवं नव्हतंच. आठवायला वेळ लागला, एवढंच.

मंगळवार पेठेतल्या घरी आजीची शेवंती होती. डालड्याच्या डब्यांत, कळकटलेल्या भिंतीवर ओळीनं. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना घरची शेवंती, हा तिचा मान. मी चौथीत असताना आमच्या कोपऱ्यावर खांब आला. थाळीसारखा पत्रा, त्याखाली पिवळा बल्ब. गल्लीनं नारळ फोडला. त्या वर्षी भिंतीवरच्या बाकीच्या सगळ्या डब्यांत शेवंती आली. खांबाजवळच्या तीन डब्यांत नुसता पाला. आजीनं माती बदलली, मीठ-मिरची उतरून टाकली, एका शेजारणीवर संशय घेतला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग एक दिवस डब्यांसमोर उभी राहून ती वर बघत राहिली. बराच वेळ.

"झोपू देईना झालाय तो," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मला हाक मारली. हातावर शेंगदाणे-गुळाचा खडा ठेवला आणि हळूच विचारलं, "तुजी बेचकी कुठाय रं?"

तिसऱ्या खड्याला बल्ब फुटला. अजून हाताला तो ताण आठवतो, रबर कानापर्यंत ओढलेलं. संध्याकाळी गल्लीत बोंब झाली. आजी उंबऱ्यात बसून सगळ्यांत मोठ्यानं पोरांना शिव्या घालत होती, त्यात माझंही नाव होतं. दिवा बदलायला महिनोन् महिने कुणी आलं नाही. त्या तीन डब्यांत शेवंती अशी आली की पानं दिसेनात.

हल्ली शेवंतीवाले हीच गंमत उलटी करतात म्हणे. फूल लांबवायचं असेल तर रात्री वाफ्यावर बल्ब लावतात. आजीला सांगायला हवं होतं.

तर पॉइनसेटिया. दोन महिने झाले, एकही रात्र चुकवली नाही. आणि अजून हिरवंगार. ताराबाई पार्कात एका जुन्या बंगल्याच्या कुंपणाला पुरुषभर उंचीचं आहे. त्याला कुणी डालत नाही, पाणी घालतात की नाही देव जाणे. ते लालेलाल होऊन बसलंय. रोज तिकडून जाताना मी मान वळवून घेतो.

काल रात्री दोनला पाणी प्यायला उठलो. हॉलमध्ये उजेड हलत होता. आई खाली वाकलेली, एका हातानं डालगं उचललेलं, दुसऱ्या हातात टॉर्च. थेट झाडाच्या तोंडावर.

"अगं, काय करतेस?"

"जित्तं हाय का बघत हुते. रोज बघते की."

मी डालगं तिच्या हातातून घेऊन खाली ठेवलं, तिला धरून पलंगापर्यंत नेलं. चौऱ्याऐंशी वय आहे, गुडघे वळत नाहीत. टॉर्चचा उजेड मंद झाला होता.

सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन सेल आणले आणि टॉर्चमध्ये घातले.