ठसे, पीओपी आणि नखांची भानगड (अपडेट ३)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मातीत उमटलेल्या प्राण्यांच्या पायांच्या ठशांत पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) ओतून त्यांच्या कास्ट, म्हणजे साचे, काढायचा माझा नाद. पावसाळाभर काही जमलंच नाही, चिखल हवा तेवढा पण पीओपी सुकायलाच तयार नाही, दोन कास्ट तर उचलल्या उचलल्या जत्रेतल्या खाज्यासारख्या मोडल्या. आता दिवाळी झाली, कुळागरात (आमची सुपारी-नारळाची बाग) पाटाच्या कडेची माती सकाळी मस्त घट्ट-ओली असते, त्यामुळे परत सुरू केलंय. आतापर्यंत एकूण कास्ट ११, त्यातल्या चारचौघांत दाखवण्यालायक ७.

नवीन लोकांसाठी परत सांगतो, दोन वाट्या पीओपीला एक वाटी पाणी, आणि पीओपी पाण्यात टाकायचं, पाणी पीओपीत नाही, नाहीतर गुठळ्या होतात. पाण्याच्या बाटलीची कापलेली रिंग ठशाभोवती रोवायची, मिश्रण ठशावर थेट न ओतता बाजूने सोडायचं. अर्ध्या तासाने मातीसकट उचलायचं आणि लगेच धुवायला धावायचं नाही!! एक दिवस थांबून मग जुना टूथब्रश. हे मी तीन कास्टचं वाटोळं करून शिकलोय.

तर गेल्या रविवारी वाड्यावरची पोरं सोप्यावर जमली होती, मी ऐटीत सगळ्यात मोठी कास्ट काढली आणि म्हटलं हा बघा बिबट्या. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात बिबट्या म्हणजे काही अशक्य गोष्ट नाही, पोरं एकदम गप्प. आणि माझी आठ वर्षांची भाची म्हणते, "मामा, मग ह्याला नखं कशी?" बघतो तर चारही बोटांच्या पुढे बारीक टोकं, व्यवस्थित. मांजराच्या जातीतले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात, धार जाऊ नये म्हणून, त्यामुळे ठशात नखं सहसा उमटत नाहीत. शिवाय बिबट्याच्या तळव्याला मागच्या बाजूने तीन उंचवटे दिसतात, माझ्या कास्टला दोनच. म्हणजे कुत्रा. बहुतेक शेजाऱ्यांचाच. महिनाभर मी त्याला बिबट्या म्हणून कपाटात ठेवला होता, हसा.

(चित्ता मात्र ह्याला अपवाद, त्याची नखं पूर्ण आत जात नाहीत, धावताना बुटाच्या खिळ्यांसारखी जमिनीत रुततात. भारतातून तो संपल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये नामिबियाहून आणून मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडले, हे पोरांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं.)

पण त्या एका प्रश्नावरून दुपार निघाली. पुढची कास्ट गव्याची, ही नक्की गव्याचीच, काजूच्या दिवसांत बोंडूंच्या वासावर खाली उतरला तेव्हाची. गवा आपल्या गोव्याचा राज्यप्राणी, मोठा नर हजार किलोच्या आसपास भरतो, आपण गवा रेडा म्हणतो खरा पण नातं म्हशीपेक्षा गाईशी जवळचं. मी सांगितलं की खूर म्हणजेसुद्धा नखच, एवढं धूड प्रत्येक पायाच्या फक्त दोन बोटांच्या टोकांवर चालतं. झालं, सगळी पोरं अंगणात चवड्यांवर, दोघं तुळशीपाशी आपटली. मग साळींदराचे काटे? ते केसच, जाड झालेले, आणि आपली नखं ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाची तेच त्यात. तो काटे फेकून मारतो ही थाप आहे, तो उलटा पळत येऊन टोचतो, काटे सैल असल्यामुळे समोरच्याच्या अंगात राहतात. खवले मांजराचे खवलेही केराटिनचेच. त्याला दात नाहीत, मुंग्या-वाळवी लांब चिकट जिभेने ओढतो, संकट आलं की चेंडूसारखा गुंडाळी करून बसतो. एका पोराने लगेच स्वतःची नखं कुरतडणं थांबवलं, त्याच्या आईने मला हात जोडले.

उदमांजराची कास्ट सगळ्यात सुबक आलीय, पाचही बोटं स्पष्ट. इंग्रजीत त्याला टॉडी कॅट म्हणतात कारण माडाची सूर (म्हणजे ताडी, इंग्रजीत टॉडी) चोरून पितं, ह्यावर पोरांपेक्षा आमचे बाबाच जास्त हसले. आणि हो, ऊद वेगळा, तो पाण्यातला, बोटांमध्ये पडदा असलेला, त्याची कास्ट अजून नाही मिळाली.

हे सगळं आमच्याच कुळागरात चालतं बरं का, अभयारण्याच्या हद्दीत मी पीओपी घेऊन जात नाही आणि तुम्हीही जाऊ नका.

आता साळींदर हवाय. पुढच्या पायाची चार बोटं आणि मागच्याची पाच उमटतात म्हणे, ते स्वतः बघायचंय. सुरणाच्या वाफ्यापाशी रेव चाळून दोन हातांचा पट्टा केलाय, भाची रोज सकाळी दात घासायच्या आधी तिकडे पळते. आतापर्यंत कोंबड्या, कोंबड्या, मुंगूस, आणि काल माझी स्वतःची चप्पल.