गुळव्याचा पाय

"मॅडम, पाय गुडघ्याखालनं काढायचा का घोट्यापासनं, तेवढंच विचारायला आलोय," तात्यांचा मुलगा खुर्चीत टेकायच्या आधीच बोलला. हातात फाईल, फायलीत दुसऱ्या एका दवाखान्याचा कागद. त्याच्या मागून सूनबाई आणि तिच्या मागून खुद्द तात्या, कुणाचाही हात न धरता, चालत. कागदावर काय लिहिलंय ते मी नंतर वाचलं. ज्या पायाची चर्चा चालली होती त्याच पायावर सगळा भार टाकून माणूस आरामात चालत येतोय, हे मला आधी खटकलं.

जानेवारीचे दिवस होते. गुऱ्हाळं भरात चाललेली. कोल्हापुरात राजारामपुरीत बसून ऑर्थोपेडिक्सची प्रॅक्टिस केली की शेतीचं वेळापत्रक आपोआप पाठ होतं. ऊसतोडीत कोयत्याचे घाव येतात, चैत्रात जोतिबाचा डोंगर अनवाणी चढून तळपायाला फोड आलेले येतात, नवरात्रात चप्पल न घालण्याचा नेम धरलेल्या बायका येतात. त्यातल्या ज्यांना मधुमेह आहे त्यांना फोड दिसतो, कळत नाही. घरातलं कुणीतरी चादरीवरचा डाग बघतं, तेव्हा पाय उलटा करून पाहिला जातो.

तात्या पन्हाळा तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर गुळव्या. वय 57, साखरेचं दुखणं 14 वर्षांचं. ज्यांनी गुऱ्हाळ आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: चुलवाणात चिपाड ढकलायला वेगळा माणूस असतो, मळी काढायला वेगळा, रस आटवायची काहील कधी उतरवायची हे मात्र गुळव्या ठरवतो. आटत आलेला पाक थंड पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळून बघायची आणि सांगायचं. जरा इकडंतिकडं झालं की अख्खं आधण बिघडतं. हे काम रात्र-रात्र उभ्यानं चालतं.

पाय बघितला. उजवा. घोट्यापासून बोटांपर्यंत सुजलेला, लाल, हात लावला तर चटका बसावा इतका गरम. कागदावर सुरुवातीला 'सेल्युलायटिस', म्हणजे कातडीखालचं इन्फेक्शन, मग युरिक ॲसिड किंचित वाढलेलं म्हणून गाऊटच्या, म्हणजे त्या ॲसिडानं सांधे सुजण्याच्या, गोळ्या, मग परत अँटिबायोटिक, तिसरा कोर्स. शेवटी एक्स-रे, त्यात हाडं कुरतडल्यासारखी दिसतात, म्हणजे इन्फेक्शन हाडात गेलं, म्हणजे पाय काढा. लिहिणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही. मधुमेही माणसाचा लाल, गरम पाय म्हटला की शंभरदा इन्फेक्शनचाच विचार करावा लागतो आणि तो करायला उशीर झाला तर माणूस जातो.

पण जखम कुठं होती? बोटांच्या बेचक्या पाहिल्या, टाचेच्या भेगा पाहिल्या, नखांच्या कडा पाहिल्या. एक ओरखडा नाही. मधुमेहात पायाला होणारं इन्फेक्शन जवळजवळ नेहमी फुटलेल्या कातडीतून आत शिरतं. ताप नव्हता. पांढऱ्या पेशी नॉर्मल होत्या, रक्तातला सीआरपी, जो इन्फेक्शनमध्ये चढतो, तो नावाला वाढलेला. आणि पायाची नाडी! सडायला लागलेल्या पायात ती कितीदा तरी चाचपून सापडत नाही, इथं बोटाखाली टणाटण उडत होती.

"तात्या, डोळे मिटा. धागा लागला की हो म्हणा."

हा नायलॉनचा धागा 10 ग्रॅम दाब पडला की वाकतो. एवढा दाबही पायाला कळला नाही तर पायाचं रक्षण करणारी संवेदना गेली असं समजायचं. आधी त्यांच्या हातावर टेकवून दाखवला, मग पाय धरला. तात्या ठेक्यात "हो... हो... हो" म्हणू लागले. मी धागा अजून वर धरून उभी होते. सूनबाईला हसू आवरेना. "मामा, त्यांनी लावलाच न्हाई अजून!" मग खरोखर लावला, तर दहाही ठिकाणी शांतता. 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्यावर ठेवला, काही नाही. गुडघ्यावर ठेवल्यावर म्हणाले, "हां, हितं गुणगुणतंय."

कोविडच्या काळात कपाळावर रोखायची ती थर्मामीटरची बंदूक आठवते? बऱ्याच जणांच्या कपाटात ती धूळ खात पडलीय. माझ्याकडं ती रोज कामाला आहे. कपाळाचा मोड बदलून पृष्ठभागाचा मोड लावायचा, दोन्ही पाय दहा-पंधरा मिनिटं उघडे ठेवायचे आणि दोन्हीकडं त्याच त्याच जागी मोजायचं. डावा पाय 31.2, उजवा 35.6. दोन अंशांपुढचा फरक म्हणजे आत काहीतरी पेटलंय. इथं चाराच्या वर होता.

तात्यांनी बंदूक हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "ह्ये काहिलीवर चालंल का?"

"नाही चालणार. तिथं तुमची बोटंच बरी."

मग त्यांना आडवं केलं, पायाखाली तीन उशा देऊन तो उंच ठेवला आणि बाहेरचा एक पेशंट बघून आले. ही चाचणी फुकटातली. इन्फेक्शनची लाली पाय उंच केल्यानं सहसा हटत नाही. तात्यांच्या पायाची दहा मिनिटांत बरीच उतरली होती. त्यानंतर त्यांच्या फायलीतला एक्स-रे पुन्हा दिव्यावर लावला. पायाची कमान जिथं असते तिथले सांधे विस्कटलेले, हाडांचे टवके उडालेले, दुसऱ्या बोटामागचं लांब हाड जागेवरून सरकलेलं. हा शार्को फूट होता, बधिर पायातली हाडं-सांधे आतल्या आत मोडत जाण्याचा आजार.

पॅरिसच्या डॉक्टर शार्को यांनी 1868 मध्ये असे मोडलेले सांधे वर्णन केले, ते सिफिलिसनं मज्जारज्जू बिघडलेल्या रुग्णांचे. मधुमेहाशी त्याचा संबंध 1936 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्डन यांनी दाखवला. आम्ही शिकत असताना हा परीक्षेपुरता आजार होता. प्रत्यक्षात तो गावोगावी हिंडतोय, फक्त मुरगळा, गाऊट, सेल्युलायटिस अशी दुसऱ्यांची नावं घेऊन.

"पाय कधी मुरगळला होता का?"

तात्या नाही म्हणाले. मुलगा म्हणाला, दिवाळीनंतर वाफ्याच्या कडेवरनं पाय घसरला होता की. "त्ये व्हय? त्ये कुठं दुखलं?"

सगळा घोळ तिथंच. तुमचा-माझा पाय असा मुरगळला तर आपण आठवडाभर लंगडतो, आणि त्या लंगडण्यात पाय बरा होतो. तात्यांच्या पायातल्या नसा गेलेल्या. आत सूज आली, रक्त धावून आलं, त्या भरात हाडातलं कॅल्शियम झिजून हाड मऊ पडलं, आणि त्या मऊ हाडावर हा माणूस 70 किलो वजन घेऊन काहिलीपुढं उभा राहिला. दोन महिने.

पाय काढायचा नाही, असं मी सांगितलं तेव्हा मुलगा रडायला लागला. तात्या मात्र खूश होण्याऐवजी सावध झाले, कारण पुढचं वाक्य त्यांना आधीच दिसलं होतं.

"मग काय करायचं?"

"प्लास्टर. चार-पाच महिने. आणि तो पाय टेकायचा नाही."

"हंगाम हाय मॅडम. दुखत न्हाई तर बसून काय करू?"

दुखणाऱ्या माणसाला बसवणं सोपं असतं. मी तासभर बोलले असते तरी उपयोग झाला नसता. उपयोग झाला सूनबाईच्या एका प्रश्नाचा. "असंच चालत राह्यलं तर तळवा कसा होतो?" मी पायाचा सांगाडा पुढं ओढला आणि कमानीची हाडं खाली दाबून दाखवली. कमान बसते, तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो, त्या फुगवट्यावर घट्टा, घट्ट्याखाली जखम, आणि तेव्हा मात्र खरंच इन्फेक्शन शिरतं. ती सासऱ्यांकडं वळून म्हणाली, "मामा, आज न्हाई काढला तर पुढच्या साली काढतील. बसा गुमान."

हे प्लास्टर मोडलेल्या हाताला घालतात तसं जाड कापूस गुंडाळून घालत नाहीत. अस्तर अगदी पातळ ठेवायचं, नडगीवर आणि घोट्याच्या दोन्ही हाडांवर फेल्टचे तुकडे, बोटांच्या मध्ये कापूस, आणि मग प्लास्टर कातडीच्या प्रत्येक वळणाला चिकटेल असं तळहातानं घासत बसायचं, म्हणजे दाब एका जागी न पडता पोटरीसकट सगळ्या पायावर वाटला जातो. बोटंसुद्धा झाकायची, नाहीतर एखादा खडा आत जातो आणि पेशंटला पत्ता नसतो. वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवर काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी ही पद्धत रुजवली, तिथून ती मधुमेहाकडं आली. माझा प्लास्टरवाला कंपाउंडर ते इतकं देखणं करतो की मी फक्त घोटा काटकोनात धरून उभी राहते.

धोकाही त्यातच आहे. प्लास्टर आत घासलं तर तात्यांना कळणार नाही. म्हणून सूनबाईला सांगितलं: वास आला, बाहेर डाग उमटला, ताप आला किंवा साखर एकदम चढली, तर त्याच दिवशी यायचं, उद्यावर ढकलायचं नाही. चौथ्या दिवशी बोलावलं. सूज उतरल्यामुळं प्लास्टर ढिलं झालं होतं, ते बदललं. मग दर आठवड्याला.

त्या हंगामात काहिलीपुढं मुलगा उभा राहिला आणि तात्या घरी बाजेवर पाय उंच करून व्हिडिओ कॉलवर. बुडबुडे बघून हे सांगायचे, गोळी मुलानं बघायची. पहिली दोन आधणं बिघडली, हे मला त्यांनी जरा जास्तच आनंदानं सांगितलं. बंदूक त्यांनी स्वतःसाठी विकत आणली. वहीत उजवा-डावा असे दोन रकाने आखून प्लास्टर बदलायच्या दिवशीचे आकडे ते स्वतः लिहायचे. फरक चारावरून तीनवर आला, दीडवर आला, पुन्हा अडीचवर गेला. "चाललात ना?" "देवळापत्तूर." मे महिन्यात तो सलग काही आठवडे दोनाच्या आत राहिला, दुसऱ्या एक्स-रेत हाडं जुळून आलेली दिसली, तेव्हा प्लास्टर सुटलं.

मग चपलेवरून वाद. कोल्हापुरात राहून कोल्हापुरी घालू नका म्हणणं मला जड जातं, पण बधिर पायाला कडक चामड्याचा तळ आणि अंगठ्यात करकचणारा पट्टा म्हणजे जखमेला आमंत्रण. त्यांना एमसीआर रबराचा मऊ तळ, मागं पट्टा आणि घोट्याला आधार असलेला बूट करून दिला. दिसायला वाईट आहे, हे मीही कबूल केलं. नवी कोल्हापुरी त्यांनी मुलाला दिली.

पुढच्या डिसेंबरात ओपीडी ऐन भरात असताना त्यांचा फोन आला. "मॅडम, डावा अडीच अंशानं ज्यादा दावतोय. तीन दिस झालं. सूज काय न्हाई, दुखत तर न्हाईच. येऊ का?"

"या. पण चालत येऊ नका."

एक्स-रे अगदी नॉर्मल आला. या खेपेला एमआरआय काढला, त्यात हाडांच्या आत सूज दिसली, मोड कुठंच नव्हती. कंपाउंडरनं त्याच दुपारी प्लास्टर घातलं. डावा पाय तीन महिन्यांत गार झाला, कमान जशीच्या तशी. मुलगा आता आधण बिघडवत नाही, त्यामुळं बाजेवर बसून तात्यांना फारसं काही काम उरलं नव्हतं, याची तक्रार तेवढी दर आठवड्याला ऐकावी लागली.