कोल्हापूरची लोकसंगीत परिषद: पुढच्या खेपेला जाणार असाल तर

कार्यक्रमांच्या तारखा देणारे आणि तारखा मागणारे एका छपराखाली आणायचे, एवढाच या परिषदेचा खरा उद्देश. उद्घाटनाची भाषणं, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ हे आपलं रीतीपुरतं. देणाऱ्यांच्या बाजूला गावोगावचे जत्रा कमिटीवाले, मंडळांचे कार्यकर्ते, कॉलेजांचे सांस्कृतिक विभागवाले आणि पुण्या-मुंबईचे महोत्सव भरवणारे. मागणाऱ्यांच्या बाजूला शाहीर, गोंधळी, धनगरी ओवीवाले, हलगीवाले, लावणीचे फड. नारायणगावात हेच काम वर्षानुवर्षं चालतं. पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात, गावकारभारी येतात, सुपारी म्हणजे कार्यक्रमाचा सौदा ठरतो, विसार म्हणजे आगाऊ रक्कम दिली की वहीत तारीख चढते. कोल्हापुरात तेच काम गळ्यात बिल्ला अडकवून होतं. मी आमच्या सांगोल्याकडच्या जत्रेसाठी माणसं बघायला गेलो होतो.

आमच्याकडून मिरजमार्गे एस.टी. सोयीची. मुंबईकरांनी महालक्ष्मी एक्स्प्रेस धरावी, रात्री बसलं की सकाळी कोल्हापुरात. पुण्याहून गाडीनं येणार असाल तर महामार्गाच्या कामांचा वेळ हिशेबात धरा. परिषद दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात होती. स्टेशन किंवा मध्यवर्ती बसस्थानकापासून व्हीनस कॉर्नरवरून वीसेक मिनिटांत चालत पोचता येतं, त्यामुळं लॉज शाहूपुरीत घेतलेलं बरं. देवळाजवळच्या लॉजच्या मागं लागू नका. शनिवार-रविवारी तिथं अंबाबाईच्या भाविकांची गर्दी असते, भावही चढलेला असतो.

खरं तर असा मेळावा केशवराव भोसले नाट्यगृहात व्हायला हवा होता. १९१५ साली शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ही वास्तू, शेजारी कुस्तीचं खासबाग मैदान. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ती आगीत जळाली, आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. परिषदेत ज्या ज्या कोल्हापूरकर कलावंताशी बोललो, त्यानं पाच मिनिटांत हा विषय काढला.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक पथकाला रंगमंचावर पंधरा मिनिटं मिळतात. बहुतेक आयोजक समोर बसून वहीत खुणा करतात आणि त्यावरच तारीख ठरवतात. माझं स्पष्ट मत आहे की या पंधरा मिनिटांवरून शाहिरापुरता अंदाज येतो. शाहीर उभा राहिला, डफावर थाप पडली, मागं साथ करणाऱ्या झीलकऱ्यांनी 'जी जी' उचलली की पोवाड्याच्या दुसऱ्या चौकातच, म्हणजे कडव्यातच, माणूस कळतो. ओवीवाल्यांचं तसं नाही. त्यांची कथा पेटायलाच अर्धा तास लागतो, आणि ती पेटण्याआधीच निवेदक हातात चिठ्ठी घेऊन उभा असतो. ओवीवाले ऐकायचे तर दसरा आणि दिवाळीच्या मधे पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला जा. भंडाऱ्यात न्हालेल्या त्या गर्दीत ढोल ऐकला की सभागृहातली खूण वहीतून खोडाल.

हलगीचे हाल तर याहून वाईट. हलगी, घुमकं (ढोलासारखं) आणि कैताळ (झांजा) हा आपल्या भागातला कुस्ती मैदानाचा आणि मिरवणुकीचा संच. पण हलगीचं कातडं विस्तवावर तापवल्याशिवाय ताणत नाही, आणि सभागृहात विस्तव पेटवू देत नाहीत. मागच्या अंगणात एक पथक रद्दी पेटवून हलग्या शेकत बसलेलं दिसलं. त्यांची पाळी यायला उशीर होत होता, मधेच पुन्हा शेकावं लागत होतं. त्यातल्या वयस्कर वादकाला मी विचारलं, "मामा, प्लास्टिकच्या पानाची का नाही घेत? ती तापवायला नको."

"घेतलीया की पोरांनी," ते म्हणाले. "पर ती डबड्यागत वाजतीया. आन् आत ह्ये गारठल्यालं ऐकून तुमी भाव करणार. पाव्हणं, ऐकायचं तर हितं ऐका."

मग मी तिथंच, अंगणात ऐकलं. दहा मिनिटांनी तेच पथक आत वाजलं तेव्हा शेजारचे गृहस्थ "ठीक आहे" म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही, आत ते खरंच ठीकच वाजलं. म्हणून सांगतो, कातडी वाद्यांचं कुठलंही पथक बघायचं असेल, मग ते संबळाचं असो की हलगीचं, तर कार्यक्रमपत्रिका बघून अर्धा तास आधी मागच्या दारानं अंगणात जा.

दुपारची सत्रं कंटाळवाणी वाटतात म्हणून लोक मिसळ खायला पळतात. कायद्याचं सत्र तेवढं चुकवू नका. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद असतो, हे सगळ्यांना पाठ आहे. पण 'आमचं वाद्य बिनकर्ण्याचं, आम्हाला काय' असं म्हणणारे पुष्कळ असतात. त्या नियमात वाद्यंही येतात. बारापर्यंतची सवलत वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मिळते. ते दिवस जिल्ह्यात आधी जाहीर होतात, तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयाची यादी बघूनच जत्रेच्या कार्यक्रमाची रात्र ठरवा. तमाशाचा रात्रभराचा वग (नाट्य) ठरवून दहाला पडदा पाडायची वेळ आली की पब्लिक कमिटीवर उठतं.

दुसरा मुद्दा जीएसटीचा. लोककला किंवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्या कलावंताचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर कर नाही. सिनेमाची गाणी वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्राला ही सूट नाही, मांडववाल्याला आणि डॉल्बीवाल्याला तर नाहीच. त्यामुळं सगळं मिळून एकच बिल घेऊ नका, कलावंताचं वेगळं लिहून घ्या. पारंपरिक ओव्या आणि गोंधळ यांच्या कॉपीराइटचा प्रश्न येत नाही. कवीच्या नावानं असलेली लावणी मात्र त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या वारसांची किंवा ज्यानं हक्क घेतले त्याची असते.

पैशाच्या सत्रात फडमालकांची बाजू ऐकण्यासारखी होती. तक्रार जवळपास सगळ्यांची एकच: विसार वेळेवर मिळतो, पण कार्यक्रम संपल्यावर उरलेली रक्कम द्यायला कमिटीचा माणूस सापडत नाही. एका फडाचा ट्रक पहाटेपर्यंत चौकात उभा होता म्हणे, कुठल्या गावात ते त्यांनी सांगितलं नाही. आमच्या बाजूनं सांगायचं तर वर्गणी उशिरा जमते, हेही खरं. तोडगा असा निघाला की निम्मी रक्कम सुपारीला, उरलेली गण, म्हणजे सुरुवातीचं गणेशवंदन, सुरू होण्याआधी. मला हे पटलं आणि मी तसंच लिहून दिलं. लिहिताना किती माणसं, जेवण कुणाकडं आणि कार्यक्रमाआधी की नंतर, डिझेल कुणाचं, बायकांना कपडे बदलायला बंद खोली आहे का, हे सगळं कागदावर येऊ द्या. शेवटचं आपले लोक हमखास विसरतात आणि मग शाळेचा वर्ग ऐनवेळी उघडायची धावपळ होते.

तारीख मागताना तिथीवर लक्ष ठेवा. चैत्र पौर्णिमेच्या आसपास कोल्हापूर भागातले वादक मागूच नका. सगळे जोतिबाच्या डोंगरावर यात्रेत सासनकाठ्यांसोबत (देवाच्या उंच मानाच्या काठ्या) असतात आणि कितीही रक्कम दिली तरी ते येणार नाहीत. कमिटीची तारीख इंग्रजी कॅलेंडरवर ठरलेली असेल तर सोबत पंचांग ठेवा. बोलणी करताना समोरचा तिथीच विचारतो.

खाण्याचं मी काय सांगणार. परिषदेतलं जेवण पनीरचं, म्हणजे कोल्हापुरात येऊन पापच. तांबडा-पांढरा बाहेर खा. मिसळीसोबत इथं स्लाइस ब्रेड येतो, पाव मागून हसं करून घेऊ नका. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं. तिथं शाहीर मंडळी भेटली, आणि दिवसभरात स्टेजवर जे बोलले नव्हते ते, म्हणजे कुणाचा फड फुटला, कुणाचा ढोलकीवाला कुणाकडं गेला, ते सगळं तिथं कळलं. पत्रिकेवरचं नाव आणि प्रत्यक्ष येणारी माणसं यांत किती फरक पडणार, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

परतल्यावर जमा झालेली कार्डं आठवड्याच्या आत वापरा. व्हॉट्सअॅपवर निरोप टाकून थांबू नका, फोनच करा, आणि हंगामात दुपारी एकच्या आधी करू नका. ही माणसं पहाटे झोपलेली असतात.