ताशी ऐंशीची मजा: इंग्लंडच्या जुन्या रोडस्टर आणि आजच्या स्पोर्ट्स कार

एप्रिलमधला पहिला उन्हाचा रविवार आला की आमच्या वॉरिकशायरच्या रस्त्यांवर साठ-सत्तरच्या दशकातल्या, उघड्या टपाच्या, दोन सीटच्या छोट्या गाड्या, म्हणजेच रोडस्टर, दिसायला लागतात. हिवाळाभर इथे बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि जुन्या पत्र्याला मीठ म्हणजे विषच, त्यामुळे या गाड्या चार-पाच महिने गॅरेजात झाकून ठेवलेल्या असतात, आणि मग थंडी संपल्यावर सगळ्या एकदमच बाहेर पडतात. एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, क्वचित एखादी लोटस इलान. चालवणारे बहुतेक साठीच्या पुढचे, डोक्यावर टोपी, शेजारी बायको, आणि समोरून तशीच गाडी आली की दोघंही हात वर करणार म्हणजे करणारच.

पुण्यात आता एमजी म्हटलं की हेक्टर डोळ्यासमोर येते, ते साहजिकच आहे, २०१९ पासून रस्त्यावर तीच दिसते. पण मूळची एमजी म्हणजे ऑक्सफर्डमधल्या मॉरिस गॅरेजेसची. सेसिल किंबर नावाच्या माणसाने तिथे साध्या मॉरिस गाड्यांना देखण्या बॉड्या चढवून विकायला सुरुवात केली आणि त्यातून हा ब्रँड उभा राहिला. पुढे कारखाना जवळच्याच ॲबिंग्डनला गेला आणि पन्नासेक वर्षं तिथून स्पोर्ट्स कार बाहेर पडत राहिल्या.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्याकडे फार कमी लोकांना ती माहीत आहे. १९५५ साली एमजीए नावाची रोडस्टर आली, बघत राहावं अशी गाडी, लांब उतरतं बोनेट, एकही फालतू रेघ नाही. तिच्यात इंजिन होतं १४८९ सीसीचं, बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचं. आणि आपली अँबॅसिडर? १४८९ सीसी, बीएमसी बी-सिरीज! म्हणजे ज्या इंजिनाने आपल्याकडे कलेक्टरांना जिल्हाभर फिरवलं आणि टॅक्सीत सात-सात माणसं ओढली, त्याच्याच सख्ख्या भावावर इकडे लोक रेसिंग करत होते. अँबॅसिडरला त्यातून ५५ च्या आसपास हॉर्सपॉवर मिळायची, एमजीएमध्ये दोन एसयू कार्बोरेटर आणि थोडं ट्युनिंग करून सत्तरच्या आसपास, बस्स. माझ्या मामांकडे स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासला बनायची ती, तिचं आख्खं बोनेट मडगार्डासकट पुढे उलटायचं आणि आम्ही पोरं ते बघायला धावायचो. तिची इकडची बहीण ट्रायम्फ हेराल्ड, आणि तिचीच चासी आखूड करून १९६२ मध्ये ट्रायम्फने स्पिटफायर रोडस्टर काढली. बोनेट अगदी तसंच उलटतं. कॉव्हेंट्रीजवळ एका मेळाव्यात पहिल्यांदा ते उघडताना बघितलं तेव्हा मामांचं अंगणच आठवलं मला.

तर सांगायचा मुद्दा हा की या गाड्यांमध्ये भारी, महागडं असं काही नव्हतंच. १९५८ ची ऑस्टिन-हीली स्प्राइट घ्या, जिला बेडकाच्या डोळ्यांसारख्या हेडलाइटमुळे सगळे फ्रॉगआय म्हणतात. ९४८ सीसीचं इंजिन फॅमिली गाडीतलं, स्टिअरिंग मॉरिस मायनरचं, खर्च वाचवायचा म्हणून डिकीला झाकणसुद्धा नाही, सामान सीटमागून आत सरकवायचं, दाराला बाहेरून हँडल नाही. म्हणजे घरोघरी असलेल्या गाड्यांचे पार्ट, पण वजन काढून टाकलेलं, बसायची जागा खाली नेलेली आणि डोक्यावरचं छप्पर उडवलेलं. एवढ्यावर तरुण माणसाला स्पोर्ट्स कार मिळायची आणि तीही परवडणारी.

आमच्या शेजारच्या काकांकडे (त्यांना इथे सगळे नावाने हाक मारतात, मला अजून जमत नाही) सत्तरच्या दशकातली क्रोम बंपरवाली एमजीबी आहे. एमजीबी म्हणजे या सगळ्या खानदानातली सगळ्यात यशस्वी, १९६२ ते १९८०, सगळे प्रकार मिळून पाच लाखांवर बनल्या आणि त्यातल्या भरपूर अमेरिकेला गेल्या. काकांनी चालवायला दिली तेव्हा आधी एका दिवसाचा इन्शुरन्स काढला, इथे इन्शुरन्सशिवाय दुसऱ्याची गाडी चालवता येत नाही. मग चोक ओढा, किल्ली फिरवा, ऑइल प्रेशरचा काटा वर येईपर्यंत थांबा, इंजिन जरा गरम झालं की चोक हळूहळू आत ढकला. पॉवर स्टिअरिंग नाही त्यामुळे गल्लीतून बाहेर काढतानाच दंड भरून येतात, पण रस्त्याला लागलं की तेच स्टिअरिंग इतकं बोलकं होतं की डांबर कुठे नवीन आहे, कुठे ठिगळ आहे, पुढचं टायर कधी घसरायच्या बेतात आहे हे सगळं तळहातांना कळतं. गिअरचा दांडा आखूड, मनगटाच्या नुसत्या हालचालीने पडतो, खटक् असा. ओव्हरड्राइव्हचं एक छोटं बटण आहे, ते दाबलं की वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज एकदम खाली येतो, म्हणजे जवळजवळ पाचवा गिअरच.

आम्ही फॉस वेवर गेलो, हा रोमन लोकांनी आखलेला रस्ता, आजही मैलोन् मैल सरळ जातो आणि मधेच एखादी दरी आली की खाली बुडी मारून वर येतो. मे महिना होता, दोन्ही बाजूंना रेपसीडची पिवळी शेतं, आपल्याकडच्या मोहरीसारखी. उघड्या गाडीत त्या फुलांचा वास, मग कुठल्यातरी गोठ्याचा वास, मग झाडांच्या बोगद्यातला गारवा, सगळं एकामागोमाग अंगावर येत जातं. काटा बघितला तर ताशी पन्नास मैल. म्हणजे फक्त ऐंशी किलोमीटर! वाटत होतं सव्वाशेच्या पुढे आहोत.

आणि माझं म्हणणं नेमकं इथेच आहे. एमजीबीचे आकडे कागदावर अगदीच साधे आहेत, १७९८ सीसी, ९५ हॉर्सपॉवर, वजन साधारण ९२० किलो म्हणजे आजच्या आपल्या स्विफ्टएवढंच, शून्यापासून साठ मैलांना बाराएक सेकंद. पण यातला प्रत्येक हॉर्सपॉवर तुम्ही कायद्यात राहून वापरता. इंग्लंडात अशा दुपदरी रस्त्याला लिमिट साठ मैल, मोटरवेला सत्तर. एमजीबीत दुसरा पूर्ण खेचायचा, मग तिसरा, वळणाआधी ब्रेक, गिअर खाली, पुन्हा खेचायचा, आणि हे सगळं साठच्या आतच होतं. डोकं, हात, पाय सगळे कामात असतात.

त्याच्या उलट आजची स्पोर्ट्स कार. ऑफिसातल्या एका मित्राने नवीकोरी, चारशेच्या वर हॉर्सपॉवरची घेतलीय, त्याच्याबरोबर त्याच फॉस वेवर गेलो होतो. गाडी अप्रतिमच आहे, ब्रेक म्हणजे भिंतीला टेकल्यासारखे, वळणात शरीर बाजूला फेकलं जातं पण गाडी तसूभर हलत नाही. पण दुसऱ्या गिअरमध्येच लिमिट संपतं. तिसऱ्यापुढचे गिअर फक्त पेट्रोल वाचवायला. पन्नास मैलांवर ती गाडी अक्षरशः झोपलेली असते, इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाढवून ऐकवतात, स्टिअरिंगला इलेक्ट्रिक मोटर असल्याने रस्ता हाताला कळतच नाही, आणि लिमिटच्या जरा वर गेलात की बीप बीप सुरू. तिला जागं करायचं तर रेसट्रॅकवर न्या नाहीतर लायसन्स घालवा. मी स्वतः गाड्यांच्याच क्षेत्रात इंजिनिअर आहे, त्या गाडीत किती बुद्धी ओतलीय ते मला रोज दिसतं आणि त्याचा आदरही वाटतो, पण मजा कुठे गेली हा प्रश्न मी मनापासून विचारतो.

याचं उत्तर बरंचसं वजनात आहे. एमजीनेच आता सायबरस्टर काढलीय, इलेक्ट्रिक रोडस्टर, दारं वर उघडणारी, दोन मोटरवाली घेतली तर ५१० पीएस (जवळजवळ तेवढीच हॉर्सपॉवर) आणि शून्य ते शंभर किलोमीटर साधारण सव्वातीन सेकंदांत. २०२५ मध्ये ती भारतातही आली. पण वजन जवळजवळ दोन टन! म्हणजे दोन एमजीबी आणि वर दोन दांडगी माणसं. वेग जबरदस्त आहे, सरळ रस्त्यावर पोटात गोळा येतो, आणि टप उघडून शांतपणे, इंजिनाच्या आवाजाशिवाय फिरण्यातही एक वेगळंच सुख आहे हे मी मान्य करतो. पण वळणावर दोन टन ते दोन टनच, ते कुठलंही सॉफ्टवेअर लपवू शकत नाही.

ही हलकेपणाची गोष्ट पक्की ओळखली ती लोटस कंपनी काढणाऱ्या कॉलिन चॅपमननी. त्यांची १९६२ ची इलान सातशे किलोच्याही आत होती, फायबरग्लासची बॉडी आणि मधोमध पाठीच्या कण्यासारखी लोखंडी चासी. आणि गंमत म्हणजे हा वारसा ब्रिटिशांनी सोडला तो जपान्यांनी उचलला. अमेरिकेचे कडक होत गेलेले नियम, महाग पाउंड, एमजीची तेव्हाची मालक कंपनी ब्रिटिश लेलँडचा तोटा, असं सगळं जमून आलं आणि ऑक्टोबर १९८० मध्ये ॲबिंग्डन बंद झालं. त्याआधीच १९७४ पासून एमजीबीला ते काळे रबरी बंपर लावले होते आणि अमेरिकेतल्या नियमांसाठी गाडी उंच केली होती, म्हणजे चांगल्या गाडीचा तोल आणि चेहरा दोन्ही घालवले. मग १९८९ मध्ये माझदाने शिकागोच्या शोमध्ये एमएक्स-५ आणली. ही कल्पना डोक्यात घालणारा बॉब हॉल हा अमेरिकन मोटरिंग पत्रकार, जुन्या ब्रिटिश रोडस्टरचा भक्त, आणि माझदाच्या इंजिनिअरांनी इलानचा बारकाईने अभ्यास केला. पुढे इंजिन, मागच्या चाकांना पॉवर, हलकं वजन, फक्त पाणी गळणार नाही आणि सकाळी हमखास सुरू होईल एवढाच फरक. २०१६ पर्यंत दहा लाख बनल्या. आजचं मॉडेलसुद्धा हजार किलोच्या थोडंच वर आहे, एअरबॅग, एबीएस सगळं धरून. म्हणजे हलकी गाडी आता बनवताच येत नाही, नियम आडवे येतात, हे कोणी सांगितलं तर त्याला माझदा दाखवायची.

जुन्या गाडीत काय नाही तेही सांगतो, नाहीतर कौतुक एकतर्फी होईल. एअरबॅग नाही, डोक्यावर काही नाही, ट्रक शेजारून गेला की त्याची चाकं तुमच्या कानाजवळ असतात. पावसात ते अरुंद टायर फार जपून चालवावे लागतात. पुढच्या सस्पेन्शनला दर तीन हजार मैलांनी ग्रीस भरायचं, आणि २०२१ पासून इथे साध्या पंपावर ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) पेट्रोल आलंय, इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं म्हणून महागातलं ई५ भरायचं. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, तिला घेऊन मोटरवेवर मी एमजीबीतून जाणार नाही. कधीच नाही. त्या कामाला आजची गाडीच पाहिजे, यात वाद नाही.

पण या देशाने या गाड्या किती सांभाळल्यात बघा. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स माफ, वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही, लंडनच्या प्रदूषण झोनमध्येही सूट. एमजीबीची आख्खी बॉडी आजही नवीन मिळते, मूळच्याच साच्यांवर दाबलेली, विटनी गावात. माल्व्हर्नला मॉर्गनचा कारखाना आहे, तिथे अजूनही ॲश लाकडाच्या सांगाड्यावर हाताने पत्रा चढवतात आणि आत बीएमडब्ल्यूचं टर्बो इंजिन बसवतात. कारखाना लोकांना बघायला खुला असतो, लाकडाच्या भुशाचा वास येणारा गाडीचा कारखाना मी दुसरीकडे कुठे बघितला नाही. आपल्याकडे चांगल्या अँबॅसिडर भंगारात जाताना बघितल्यात, म्हणून हे जास्तच जाणवतं.

पुण्याचे बरेच मित्र कामानिमित्त कॉव्हेंट्री, गेडनला येतात (टाटांनी २००८ मध्ये तिथली जग्वार लँड रोव्हर घेतल्यापासून तर फारच), त्यातले काही विचारतात की घ्यायची तर कुठली. रोज वापरायची असेल तर सरळ जुनी एमएक्स-५ घ्या, डोकं लावू नका. रविवारसाठी असेल आणि गॅरेज असेल तर १९७४ च्या आधीची क्रोम बंपरवाली एमजीबी, साधारण दहा ते पंधरा हजार पाउंडात चांगली मिळते आणि ओव्हरड्राइव्ह असलेलीच बघा. बघायला जाताना लोहचुंबक न्या आणि दाराखालचे सिल तपासा, चुंबक चिकटला नाही तर आत पत्रा नाही, नुसता पुट्टीचा थर आहे. त्या गाडीचा बराचसा भार त्या सिलवर असतो, ते सडले असतील तर रंग कितीही चकचकीत असू दे, घेऊ नका. इंजिनाची काळजी करू नका, ते अँबॅसिडरच्याच घराण्यातलं आहे, कुठलाही जुना मेकॅनिक खोलेल.