उतार एकास वीस

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीने मैदानाचे काम माझ्याकडे सोपवले, तेव्हा सेवानिवृत्त स्थापत्य अभियंत्याला शोभेल अशा आत्मविश्वासाने मी एका संध्याकाळीच आराखडा काढून मोकळा झालो. मधोमध चार फूट उंचीचा लोखंडी मनोरा, त्याच्या दोन बाजूंना घसरगुंड्या आणि व्हीलचेअरवर येणाऱ्या मुलांसाठी वर जाणारा रॅम्प, असे त्याचे स्वरूप होते. आता चौथीत असलेली एक मुलगी व्हीलचेअर वापरते, म्हणून तिलाच प्रथम तो कागद दाखवावा असे मुख्याध्यापिका बाईंनी सुचवले. तिने रॅम्पवरून बोट फिरवत मनोऱ्यापर्यंत नेले, तिथे थांबवले आणि विचारले, “आजोबा, वर जाऊन करायचं काय मंग?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. वर गेल्यावर तिने इतरांना घसरताना पाहायचे आणि त्याच रॅम्पवरून परत खाली यायचे, एवढेच मी तिच्यासाठी योजून ठेवले होते. शिवाय तो रॅम्पही चुकलेला होता. व्हीलचेअरसाठी १:१२ पेक्षा तीव्र उतार चालत नाही, म्हणजे चार फूट उंचीला अठ्ठेचाळीस फूट लांबी हवी. जागा पुरत नाही म्हणून मी ती बत्तीस फुटांत बसवली होती. आयुष्यभर इतरांच्या नकाशांवर लाल पेन्सिल चालवलेल्या माणसाला हे स्वतःच्या कागदावर दिसले नाही, याची खंत अजून आहे.

त्यानंतर मी आधी चार-सहा ठिकाणची मैदाने पाहून आलो. एका ठिकाणी व्हीलचेअरसकट चढवायचा मोठा झोका होता, पण त्याचा फलाट जड असल्यामुळे इतर मुलांना लागू नये म्हणून त्याला जाळीचे कुंपण घातलेले होते आणि कुंपणाला कुलूप होते. किल्ली ज्यांच्याकडे होती ते त्या दिवशी रजेवर होते. किल्ली असती तरी त्या मुलाने जाळीच्या आत एकट्याने झुलायचे होते आणि मित्रांनी बाहेरून पाहायचे होते. असा झोका घ्यायचा नाही, हे मी तिथेच ठरवले. त्याऐवजी आम्ही दोरांनी विणलेला, मोठ्या टोपलीसारखा झोका घेतला, ज्यात तीन-चार मुले एकदम मावतात, ज्याला पाठीला आधार लागतो ते मूल आडवे पडू शकते आणि ज्याला कोणी ‘दिव्यांगांचा झोका’ म्हणत नाही.

मात्र पैसा खेळण्यांवर नव्हे, जमिनीवर अधिक खर्च झाला, आणि यावरून समितीच्या बैठकीत बरीच खडाजंगी झाली. आमची शाळा पश्चिम नागपुरात आहे आणि इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल इतकी फाटते. अशा मातीवर थेट गट्टू, म्हणजे फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे, बसवले तर दुसऱ्या पावसाळ्यानंतर कुठे खड्डा, कुठे उंचवटा होतो, आणि व्हीलचेअरची पुढची लहान चाके नेमकी तिथेच अडकतात. म्हणून जिथे वाट जाणार होती तिथली काळी माती काढून टाकली, सहा-सहा इंचांचे मुरुमाचे थर पाणी मारून, रोलर फिरवून दाबले आणि वर पाच फूट रुंदीचा काँक्रीटचा सलग पट्टा टाकला. तो ओला असतानाच गवंड्याने आडवा झाडू फिरवून पृष्ठभाग खरखरीत केला, त्यामुळे पावसात पाय आणि कुबड्या घसरत नाहीत. “एवढ्या पैशात दोन घसरगुंड्या आल्या असत्या,” असे एका सदस्यांनी ऐकवले. आल्या असत्या, पण त्यांच्यापर्यंत पोहोचले कोण असते?

मनोरा रद्द झाला आणि त्याच्या जागी मुरुमाची तीन फूट उंच टेकडी आली. वाट टेकडीला एक वळसा घालून माथ्यावर जाते. वळशाच्या मध्यरेषेचा व्यास सुमारे वीस फूट धरला की परीघ साठ फुटांच्या थोडा वर भरतो, म्हणजे उतार जवळजवळ १:२० पडतो, आणि चौथीतली मुलगी स्वतःच्या हातांनी चाके ढकलत, मध्ये न थांबता वर जाऊ शकते. टेकडीच्या अंगातच घसरगुंडी बसवली आहे, दोघे शेजारी बसून घसरतील इतकी रुंद. माथ्यावर तिच्या खुर्चीच्या उंचीचा ओटा आहे. ती आधी ओट्यावर सरकते, तिथून घसरगुंडीवर. खाली पोहोचल्यावर बसायला तेवढ्याच उंचीचा दुसरा ओटा आहे, कारण खुर्ची तर वरच राहिलेली असते. ती खाली कोणी आणायची यावरून पहिल्या आठवड्यात मुलांची भांडणे झाली, शेवटी बाईंना पाळी लावून द्यावी लागली. वळशावरून रिकामी व्हीलचेअर पळवत आणणे हा त्या मैदानावरचा सर्वांत लोकप्रिय खेळ होईल, हे माझ्या आराखड्यात कुठेही नव्हते.

घसरगुंडी कशाची करावी यावर मी सर्वाधिक विचार केला. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात त्याचे कारण ऊन हेच आहे. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याच्या घसरगुंडीवर मांडी टेकवणे म्हणजे तव्यावर बसणे. प्लास्टिकची घ्यावी तर वेगळीच अडचण निघाली. दुसरीतल्या एका मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेले उपकरण, आहे, आणि कोरड्या हवेत प्लास्टिकवरून घसरताना अंगावर साठणारी स्थिर वीज त्या उपकरणात मुलासाठी करून दिलेली आवाजाची जुळणी बिघडवू शकते, म्हणून घसरण्यापूर्वी कानामागचे यंत्र काढून ठेवायला सांगतात. म्हणजे खेळायचे असेल तर ऐकणे सोडायचे. शेवटी आमच्या लहानपणी बागांमधून हत्तीच्या आकाराच्या असत, तशी मोझेकची घसरगुंडी केली, उत्तरेकडे तोंड असलेली आणि कडुनिंबाच्या सावलीतली. हत्ती मात्र केला नाही, सोंड परवडत नव्हती.

सावली आणि पाणी यांचा सुगम्यतेशी काय संबंध, असे मलाही आधी वाटले असते. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते एकवीस झाले आणि त्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा समावेश आहे. विदर्भात हा आजार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. अंगातले पाणी कमी झाले, ऊन किंवा थंडी बाधली, की अशा मुलांना असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. बाहेरून ती इतरांसारखीच दिसतात, म्हणून खेळता खेळता बसली तर ‘आळशी’ ठरतात. झोका, टेकडी आणि वाळूचे टेबल या तिन्हींपासून वीस पावलांच्या आत बाक, सावली आणि पाण्याचा नळ असावा, हा नियम आम्ही त्यांच्यासाठी केला, आणि तिथे आता सगळेच बसतात. नळ फिरकीचा नाही, दांडीचा आहे, कोपराने दाबला तरी चालतो.

२०१६ च्या त्याच कायद्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे शिक्षणाबरोबर खेळ आणि मनोरंजनाची संधीही सर्व मुलांना समान द्यायची आहे. आपल्या शहरात पारडी भागात ‘अनुभूती’ या समावेशक उद्यानाची घोषणा २०२३ मध्ये झाली, त्याचा आनंद आहेच. परंतु मूल उद्यानात रविवारी जाते आणि शाळेच्या मैदानावर रोज, मधल्या सुट्टीत, वर्गातल्याच मुलांबरोबर उतरते.

संध्याकाळी साडेपाच ते साडेसात फाटक वस्तीसाठी उघडे असते. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या एक आजी त्या वळशावरून रोज तीन फेऱ्या मारतात आणि माथ्यावरच्या ओट्यावर बसून भाजी निवडतात, त्यामुळे घसरणाऱ्यांची थोडी अडचण होते, पण त्यांना कोणी उठवत नाही.

फाटकापासून रस्त्यापर्यंतचे दहा फूट मात्र आमच्या हद्दीत नाहीत. तिथे काळ्या मातीवर थेट बसवलेले गट्टू एका बाजूने खचले आहेत आणि नालीवरचे झाकण चार इंच वर आले आहे. अर्ज दोनदा दिला, तिसरा कालच नेऊन दिला आणि पोच घेतली. तोवर चौथीतल्या त्या मुलीचे बाबा सकाळी तिला खुर्चीसकट उचलून ते दहा फूट ओलांडतात, आणि आत खाली ठेवले की ती त्यांना हात लावू देत नाही.